येऊन राहिली

"मंग पोचली का नाही थे पोरगी?" प्रेमलानं विचारलं.

रामकृष्ण वैरागडे चष्म्यावरून बायकोकडे बघायला लागले. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसून मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा सोलत होती, आणि ते समोर खुर्ची टाकून तिला शंभर वर्षांपूर्वीचं एक पत्र वाचून दाखवत होते. पत्र गोदू नावाच्या बाईचं होतं. मानमोडीच्या तापाची साथ चालू असताना तिनं रायपूरच्या पुरानी बस्तीतून भंडाऱ्याच्या भावाला लिहिलेलं. शनिवारी कॉलेजात या पत्रावर रामकृष्णांना बोलायचं होतं, आणि गुरुवारपासूनच रायपूरच्याच तात्यापाऱ्यातल्या त्यांच्या घरात बोर्डाच्या परीक्षेचं वातावरण होतं.

"कोणती पोरगी?"

"अवो, आत्ताच तर वाचलं तुमी. जावयानं कळवलं ताप उतरून राहिला, अन् मोठी पोरगी येऊन राहिली. मंग? पोचली का?"

"पोचली म्हणजे? आली ना थे. आली अन् माहेरी राहिली. हे पाय, मॅडमनं इंग्रजीत लिहून देल्लं आहे. सासर सोडून आली."

प्रेमलानं शेंगेचा दोरा ओढून काढला. "मॅडम कुठच्या?"

"पुण्याच्या."

"मंग बराबर आहे. येऊन राहिली म्हणजे येऊन राहिली. आली नाही अजून, रस्त्यानं आहे. तुमी जिंदगीभर लोकायले दुसरं सांगतलं काय?"

रामकृष्ण हसले, पुढची ओळ वाचायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं.

बेचाळीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीत काढली होती. खिडकीबाहेरून प्रश्न यायचा तो एकच, गाडी आली का. उत्तरं तीन: आली, गेली, आणि येऊन राहिली. हे तिसरं उत्तर त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तेच निघालं असतं. आणि याच उत्तरापायी नोकरीच्या पहिल्या वर्षी, एका लहानशा स्टेशनावर असताना, त्यांनी शिव्याही खाल्ल्या होत्या. पुण्याकडचे एक गृहस्थ बायको आणि तीन ट्रंका घेऊन आले. मेल आली का म्हणून त्यांनी विचारलं. रामकृष्ण म्हणाले, येऊन राहिली. गृहस्थांना वाटलं, आली आणि फलाटावर उभी राहिली. ट्रंका उचलून ते पूल चढले, पूल उतरले, आणि घामाघूम होऊन परत खिडकीशी येऊन ओरडायला लागले, "कुठे राहिली? दाखवा मला कुठे राहिली ती!" दोघंही मराठी, दोघंही खरं बोलत होते, आणि स्टेशन मास्तरांना हिंदीतून दोघांचा समेट करावा लागला. त्या दिवसापासून अनोळखी मराठी माणूस दिसला की रामकृष्ण पुढे जोडायचे, "म्हणजे यायची आहे अजून."

ज्या माणसानं हे सोसलं, त्यानं गोदूबाईचं पत्र आठ वेळा वाचावं आणि त्याच्या कानाला काही लागू नये, याची रामकृष्णांना लाज वाटली. कारण उघड होतं. त्यांनी आधी छापील इंग्रजी वाचलं होतं, शब्दकोश मांडीवर घेऊन. एकदा छापलेलं डोळ्यांत बसलं की हातानं लिहिलेलं दिसत नाही. प्रेमलानं मात्र पत्र वाचलंच नव्हतं, नुसतं ऐकलं होतं.

"काहून गप्प बसले?" तिनं विचारलं.

"तू जे बोलली ना," ते हळूच म्हणाले, "त्याच्यात मोठी गडबड आहे."

गडबड काय होती ते सांगायचं तर रामकृष्णांच्या कॉलेजातल्या खुर्चीबद्दल सांगायला हवं. बारावीत असताना वडील वारले आणि वडिलांच्या जागी ते रेल्वेत लागले. कॉलेज म्हणजे त्यांच्या लेखी सायकलवरून जाताना दिसणारं फाटक होतं. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्याच फाटकावर त्यांना एक कागद चिकटवलेला दिसला: मानव्यविद्या, सखोल वाचन आणि चर्चा, दर शनिवारी अकरा ते एक. ते ग्रंथालयात बसायची परवानगी मागायला म्हणून आत गेले. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. डॉक्टर शर्मिष्ठा मॅडमनी त्यांना विचारलं, "वाचलेल्यावर बोलायला आवडेल का?" बासष्ट वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

तिथं व्याख्यान नसायचं. एक लांबट टेबल, भोवती दहा मुलंमुली. आठवड्याला एक मजकूर, घरी दोनदा वाचायचा, हातात पेन्सिल घेऊन. एकानं प्रश्न मांडायचा आणि मग सगळ्यांनी तुटून पडायचं. कधी राजाचा ताम्रपट, कधी मैत्रीवर कुण्या परदेशी विचारवंताची चार पानं, कधी जुन्या खटल्यातली साक्ष. मॅडमचा नियम एकच, "आधी ओळ दाखवा." मत काहीही असो, ते ज्या ओळीवर उभं आहे त्या ओळीवर बोट ठेवायचं. रामकृष्णांना हा नियम इतका आवडला की ते तो घरीही चालवायला लागले. भाजीत मीठ जास्त झालं म्हणाले की प्रेमला म्हणायची, "ओळ दाखवा."

पण रामकृष्णांची खुर्ची टेबलाशी नव्हती. पदवी नाही म्हणून कॉलेजनं त्यांना 'श्रोता' केलं होतं, आणि श्रोत्यानं भिंतीला लागून बसायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. शनिवारमागून शनिवार ते मांडीवर फाइल ठेवून तिथं बसले. डोक्यात इतकं काही उसळायचं की घरी येताना स्कूटरवर ते एकटेच बोलायचे आणि सिग्नलला शेजारचे लोक बघायचे. शेवटी मॅडमनीच मार्ग काढला. एक शनिवार तुम्ही चालवा, म्हणाल्या, तो चांगला झाला की मी कॉलेजला लिहीन, पुढच्या सत्रात तुमची खुर्ची टेबलाशी.

आणि तो शनिवार नेमका गोदूबाईच्या पत्राचा होता. पत्रांचा गठ्ठा मॅडमनीच भंडाऱ्याहून, त्या भावाच्या घरून मिळवलेला, इंग्रजी भाषांतर त्यांचंच, आणि त्यावरचा निबंधही त्यांचाच. निबंधाचं नाव 'लिहिलं, म्हणून राहिले'. त्यात म्हटलं होतं की मुलीनं सासर सोडलं, माहेरी आली आणि राहिली. आईही म्हणते 'मी लिहून राहिली', म्हणजे लिहिण्याच्या बळावर ती टिकली. निबंध सगळ्या मुलांनी वाचलेला होता, आणि आता तो छापायला जायचा होता.

शुक्रवारचा दिवस रामकृष्णांनी भिंगाखाली काढला. रिझर्वेशनच्या फॉर्मांवरची जगातली सगळी वाईट अक्षरं त्यांनी वाचलेली होती, त्यामानानं गोदूबाईचं बाळबोध अक्षर बरंच नीट होतं. दुपारी चारच्या सुमाराला ते खुर्चीतून इतक्या जोरात उठले की भिंग खाली पडलं.

"प्रेमले, इकडं ये. हे वाच. काय लिहिलं आहे?"

प्रेमलानं कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला. "तू काहून लिहीत नाही. मंग? भावाले विचारून राहिली, पत्र काहून पाठवत नाही म्हणून."

रामकृष्णांना तिथल्या तिथं नाचावंसं वाटलं. ते नाचले नाहीत, पण स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण दोन ग्लास पाणी प्यायले. मग बाहेर येऊन बसले आणि चेहरा पडला.

"सांगू का नको?" ते म्हणाले. "ज्या बाईनं मले आत घेतलं, तिच्याच तोंडावर तिची चूक? अन् पुढची खुर्ची तिच्याच हातात आहे."

प्रेमला शेंगांची आमटी ढवळत होती. "खिडकीत बसून कधी गाडी आली नसताना आली म्हणून सांगतलं काय? कोणाले बरं वाटावं म्हणून?"

"नाही."

"मंग."

शनिवारी ते अर्धा तास आधीच पोचले. टेबलाच्या टोकाची खुर्ची त्यांच्यासाठी ठेवली होती. भिंतीशी बसून टेबल लांबट दिसायचं, तिथं बसल्यावर ते एकदम मैदानाएवढं वाटलं. उजवीकडे स्नेहल होती, तात्यापाऱ्याचीच मराठी मुलगी, मराठी सगळं कळायचं पण उत्तर नेहमी हिंदीत. डावीकडे यशदीप, बीरगांवचा, ज्याचे वडील कारखान्यात होते आणि जो मजकुराला आव्हान दिल्याशिवाय एक पान उलटायचा नाही. समोर शर्मिष्ठा मॅडम, हातात पेन्सिल.

"शुरू कीजिए, रामकृष्णजी."

त्यांनी चार पानं लिहून आणली होती. पहिल्या पानावर मॅडमचे आभार होते. त्यांनी ते पालथं घातलं.

"मेरा सवाल एक ही है," ते म्हणाले. "लड़की आई क्या?"

स्नेहलनं पान चाळलं. "आई तो है, अंकल. दूसरा पैरा. मैम का पूरा निबंध इसी पर है."

"ओळ दाखवा," मॅडम मराठीत म्हणाल्या. रामकृष्णांशी त्या मराठीतच बोलायच्या.

रामकृष्णांनी गोदूबाईच्या हस्ताक्षराची प्रत पुढे सरकवली आणि मोठ्यानं वाचलं, "जावई लिहितात ताप उतरून राहिला. मोठी पोरगी येऊन राहिली. तिच्यासाठी जुने तांदूळ काढून ठेवले. माणूस सडकेवर उभा केला आहे." मग ते स्नेहलकडे वळले. "बेटा, तू कॉलेज से घर जाती है, देर होती है, तो तेरी आजी फोन पे क्या पूछती है?"

"आजी?" स्नेहल हसली. "वो तो चिल्लाती है. काहून पोट्टी, येऊन राहिली का..." आणि बोलता बोलता तिनं तोंडावर हात ठेवला.

"और तू क्या बोलती है?"

"आ रही हूँ."

"हव," यशदीप पुढे झुकला. "आ रही है. मतलब आई नहीं है."

टेबलाभोवती एकदम पानांची सळसळ झाली. रामकृष्णांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली.

"हे बोलण्यातलं रूप मला माहीत आहे, रामकृष्णजी. दोन वर्षं इथे रोज ऐकतेय. पण ही बाई शिकलेली आहे. वर 'शिरसाष्टांग नमस्कार', खाली 'लोभ असावा', सगळं पुस्तकी. त्या काळी लिहायला बसलेला माणूस बोलल्यासारखं लिहीत नसे. ती बोलल्यासारखं लिहितेय असं म्हणायचं असेल तर ओळ दाखवा."

"तिसऱ्या परिच्छेदात, मॅडम. भावाला लिहिते. तुम्ही वाचलं आहे, 'चार महिने झाले, तू वेळ काढून लिहीत नाही.'"

"हो."

पुढचं वाक्य रामकृष्णांनी रात्रीपासून तोंडात धरून ठेवलं होतं. "वेळ हा शब्द कागदावर कुठं आहे? ओळ दाखवा."

मॅडमना त्यांचाच नियम अजून कोणी दाखवला नव्हता.

"तो मी घातलाय," त्या सावकाश म्हणाल्या. "कंसात आहे. 'काढून लिहीत नाही' याचा अर्थ लागत नव्हता. वेळ राहून गेला असेल असं धरलं."

रामकृष्णांनी खिशातून भिंग काढलं आणि टेबलावरून ढकललं. "वर तांदूळ काढून ठेवले लिहिलं आहे, त्यातला ढ बघा. मग 'आहे'मधला ह बघा. आणि मग हे अक्षर बघा. हा ढ नाही, मॅडम. ह आहे. काहून."

मॅडम उठून खिडकीच्या उजेडात गेल्या. एकदा वरची ओळ बघितली, एकदा खालची, परत वरची. स्नेहल कुजबुजली, "काहून मतलब क्यों. आजी वाला काहून." यशदीपनं तिला हातानं गप्प केलं.

"तू काहून लिहीत नाही," मॅडमनी वाचलं. त्यांच्या पुणेरी तोंडात तो शब्द नवीन चपलेसारखा चावत होता. त्यांनी परत वाचलं, या वेळी जरा सैल. "तू काहून लिहीत नाही."

"नमस्कारापुरतं तिला शिकवलं असेल कोणी," रामकृष्ण म्हणाले. "पुढं तिच्या जिवाला घोर लागला, तेव्हा ती आपल्या घरच्यासारखं बोलायला लागली."

त्यानंतर वर्गात जे झालं ते रामकृष्णांनी जन्मात पाहिलं नव्हतं. एका 'ह'नं सगळं पत्र जागचं हललं. ताप उतरला नव्हता, उतरत होता. 'मी लिहून राहिली' म्हणजे टिकून राहणं नव्हतं, ती बिचारी फक्त सांगत होती की लिहितेय. यशदीप उभाच राहिला. मॅडमच्या निबंधात सडकेवरचा माणूस पहाऱ्याला होता, सासरचे लोक मुलीला ओढून न्यायला येतील म्हणून.

"वो पहरा नहीं दे रहा," यशदीप म्हणाला. "रास्ता देख रहा है. गाड़ी दिखे तो दौड़ के बताने के लिए."

स्नेहल म्हणाली, मग तांदूळ रांधले का नाहीत, नुसते काढून का ठेवले, तेही आता कळतं. कोणी म्हणालं, सासर सोडल्याचा तर कुठे उल्लेखच नाही. कोणी म्हणालं, ओळ दाखव. चौघं एकदम बोलत होते, बोटं त्या एका कागदावर आदळत होती, आणि मधोमध रामकृष्ण बसले होते, भिंतीपासून पुरते सात हात लांब. एक वाजून गेला तरी कोणी दप्तर उचललं नाही. इतका आनंद त्यांना पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

मग स्नेहलच हळू आवाजात म्हणाली, "मतलब बुखार में ही आ रही थी. बैलगाड़ी में." आणि कागदावरची बोटं मागे सरली.

मॅडम खुर्चीत येऊन बसल्या. त्यांनी आपला निबंध पुढे ओढला, त्याच्या नावाकडे थोडा वेळ पाहिलं आणि पेन्सिलीनं त्यावर एक सरळ रेघ मारली. दोन वर्षांचं काम होतं ते.

"मी नाही पकडलं, मॅडम," ते घाईनं म्हणाले. "माझ्या बायकोनं. मी वाचून दाखवत होतो, तिनं विचारलं, पोचली का."

"पुढच्या वेळी त्यांना घेऊन या."

"ती म्हणते, भिंतीला टेकून बसायला घरी भिंती आहेत."

मॅडम मोकळ्या हसल्या. मुलं बोलत बोलतच बाहेर पडली, जिन्यावरूनही त्यांचं भांडण ऐकू येत होतं. रामकृष्णांनी फाइल बांधली आणि सवयीनं आपली खुर्ची उचलून भिंतीकडे निघाले.

"राहू द्या ती तिथेच," मॅडम म्हणाल्या. "आणि आता 'राहू द्या'चा अर्थ विचारू नका. मी आजच लिहितेय कॉलेजला."

रामकृष्णांनी खुर्ची परत टेबलाशी लावली. हात सुटेना, म्हणून तिची पाठ रुमालानं उगीच पुसली. प्रेमलाला हे कोणत्या शब्दांत सांगायचं याची त्यांनी मनात जुळवाजुळव सुरू केली.

मॅडम अजून पत्राकडेच बघत होत्या. "गठ्ठ्यात यानंतर गोदूबाईचं एकही पत्र नाही," त्या म्हणाल्या. "हेच शेवटचं. इतके दिवस मला वाटायचं, मुलगी घरी आली, घर भरलं, म्हणून लिहायची गरज राहिली नाही." दोन्ही कोपरं टेबलावर टेकून त्या पुढे वाकल्या, आणि त्यांचा चेहरा रामकृष्णांना एकदम ओळखीचा वाटला. बेचाळीस वर्षं तो चेहरा जाळीपलीकडून त्यांच्याकडे बघत आला होता.

"आली असेल का हो ती?"

आली म्हणायला त्यांच्याकडे ओळ नव्हती. नाही आली म्हणायलाही नव्हती. गाडी पोचल्याची किंवा रद्द झाल्याची खबर हातात येत नाही, तोवर खिडकीतून एकच उत्तर द्यायचं असतं. रामकृष्णांनी चष्मा नीट केला.

"येऊन राहिली, मॅडम."

प्रवासी मान हलवून बाकाकडे परत जायचे, तशी मॅडमनी मान हलवली, आणि त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या.